गाणी बंद केली की पोटात गोळा येतो

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आहे. परीक्षा पाच आठवड्यांवर आली आहे. वर्षभर तिच्या कानात सतत इअरफोन असतात. अभ्यास करताना, चालताना, जेवताना, झोपतानाही. गाणी नसली तर अभ्यासाला बसवत नाही, पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं. गाणं लावलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. मागच्या सत्रात मार्क घसरले आणि घरी सगळं खापर गाण्यांवर फुटलं. आईचं म्हणणं, ‘कानात बोळे कोंबून कुणाचा अभ्यास झालाय?’ दादा म्हणतो, गाणी सोड, मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं वाद्यसंगीत लाव, त्याने बुद्धी तल्लख होते. तिला स्वतःला वाटतं की गाणी आहेत म्हणूनच आपण तग धरून आहोत. एक गोष्ट मात्र तिची तिलाच उमगत नाही. रात्री दिवा मालवल्यावर ती ठरलेली चार-पाच उदास गाणी फिरवून फिरवून ऐकते, रडते, मोकळं वाटतं. आणि सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. तिचा प्रश्न आहे: ‘परीक्षेपर्यंत गाणी पूर्ण बंद करू का? आणि केली तर ताण कशाने घालवू?’

आधी दादाचं म्हणणं निकालात काढू, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

१९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटासा लेख आला होता. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकवली आणि लगेच घडीच्या कागदाची असतात तशा प्रकारची आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. ती थोडी बरी सुटली. हा परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. बस, एवढंच. त्यात ना अभ्यास होता, ना पाठांतर, ना परीक्षा. पण बातमी फिरत फिरत ‘मोझार्टने बुद्धी वाढते’ इथपर्यंत पोहोचली, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसा मागितला! पुढच्या संशोधनात उलगडा झाला तो साधा होता. आवडीचं काही ऐकलं की माणूस जरा तरतरीत होतो, मूड सुधारतो, आणि तेवढ्यापुरतं डोकं बरं चालतं. मोझार्टच हवा असं नाही. ज्यांना गोष्ट ऐकायला आवडते त्यांना गोष्टीनेही तेच होतं. तेव्हा दादाला सांग, हेतू चांगला आहे, बातमी शिळी आहे.

एका बाबतीत मात्र तो नकळत बरोबर बोलून गेलाय. शब्द नसलेलं ऐक म्हणाला ना, त्यात तथ्य आहे.

आपण वाचतो तेव्हा मनातल्या मनात बोलत असतो. ओठ हलत नाहीत, पण आतला आवाज चालू असतो. व्याख्या, क्रम, नावं, सगळं त्या आवाजावर तोललेलं असतं. गाण्यातले शब्द त्याच जागेत घुसतात. तू नीट आठवून बघ. एक परिच्छेद वाचत असतेस, गाण्याचं धृपद येतं, डोळे ओळींवरून सरकत राहतात, पान उलटतं, आणि मग लक्षात येतं की मागचं अर्धं पान वाचलंय पण आत काहीच गेलेलं नाही. मग पुन्हा वर. असं एका तासात चार-पाच वेळा झालं तर तो तास कुठे गेला ते वेगळं सांगायला नको.

‘पण मला सवय आहे, मला माझ्या आवडीची गाणी त्रास देत नाहीत,’ असं तू म्हणशील. सगळेच म्हणतात. २०११ साली ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला दिला, आणि मागे कधी आवडीचं संगीत लावलं, कधी नावडतं, कधी शांतता ठेवली. आवडीचं असो वा नावडतं, शांततेच्या तुलनेत स्मरण घसरलंच. आवडीने फरक पडला नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून बघ. थिअरीचं न वाचलेलं एक पान घे, नेहमीसारखी गाणी लावून वाच, पुस्तक मिट आणि आठवेल ते कागदावर लिही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच लांबीचं दुसरं पान शांततेत वाच आणि तसंच लिही. दोन्ही कागद शेजारी ठेव. एका पानावरून निकाल लावू नको, तीन-चार दिवस कर. हा प्रयोग तुझ्यासारख्या प्रत्येकाने करावा असं मला वाटतं, कारण गाणी लावून बसलं की वेळ चटकन जातो आणि ‘आज तीन तास बसले’ याचं समाधान मिळतं. किती वेळ बसलो आणि किती डोक्यात राहिलं, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि मागच्या सत्रातल्या मार्कांचं थोडं गूढ इथे असू शकतं.

सगळ्या कामांना हा नियम लावायचं कारण नाही. आकृत्या पक्क्या करणं, टिपणं स्वच्छ उतरवणं, वही लावणं, पद्धत हातात बसली आहे अशी गणितं घोटणं, या कामांत कंटाळा हाच शत्रू असतो आणि तिथे गाणी खुशाल वाजू देत. नवं समजून घेणं आणि पाठ करणं, एवढ्यापुरतं कान रिकामे ठेव.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. तुझ्या पत्रात मला खटकलेलं वाक्य मार्कांबद्दलचं नाही, मोझार्टचंही नाही. ‘गाणी नसली की पोटात गोळा येतो आणि लावली की दोन मिनिटांत बरं वाटतं’ हे ते वाक्य. यावरून तू निष्कर्ष काढलास की गाणी तुझा ताण घालवतात. मला विचारायचंय, ताण जातो का, की फक्त ऐकू येईनासा होतो?

कारण जर गेला असता, तर वर्षभर दिवसातले इतके तास गाणी ऐकल्यावर तो आतापर्यंत बराच कमी व्हायला हवा होता. तसं झालेलं नाही. उलट आता पाच मिनिटांची शांतताही सोसवत नाही. इथे काय होत असावं ते सांगते. शांतता झाली की भीती वर येते. तू गाणं लावतेस, भीती खाली बसते. सुटका इतकी पटकन होते की मेंदू दर वेळी एकच धडा गिरवतो: शांतता वाईट, गाणं वाचवतं. भीती नेमकी कसली होती, हे बघायचं राहूनच जातं. वाजणाऱ्या गजरावर उशी दाबावी तसं आहे हे. आवाज दबतो, पण उठायची वेळ व्हायची ती झालेलीच असते.

म्हणून पहिलं काम हे कर. इअरफोन दुसऱ्या खोलीत ठेव, फोनही. कागद-पेन घेऊन दहा मिनिटं बस. पोटात गोळा येईल, येऊ दे. धडधडेल. ती धडधड थोडी वाढते आणि आपण काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा आपली आपण ओसरते. हे तुला कधी कळलंच नाही, कारण ओसरायच्या आधीच तू गाणं लावतेस. त्या दहा मिनिटांत मनात जे येईल ते लिहीत जा. भाषा सुधारू नकोस. ‘संख्याशास्त्राचं चौथं प्रकरण उघडलेलंच नाही.’ ‘या वेळी पण मार्क गेले तर आई काय म्हणेल.’ ‘मी मुळात हा विषय का घेतला.’ असं काहीबाही येईल.

मग वाच ते. चौथं प्रकरण हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. त्याला दोन दुपारी दे आणि यादीतून काढून टाक. आईचा प्रश्न आईशी बोलून सुटेल. विषय का घेतला हा मोठा प्रश्न आहे, तो परीक्षा झाल्यावर कुणा जाणत्या माणसाशी बोलण्यासाठी राखून ठेव. यातलं एकही काम गाणं करू शकत नाही. ते बिचारं तुला बोलावलंस म्हणून येतं, आणि नको ते ओझं वाहतं.

याचा अर्थ गाण्यांनी ताण कमी होतच नाही, असा मुळीच नाही. इथे तुझ्या आईचं चुकतं. २०२० साली १०४ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले गेले, त्यात साडेनऊ हजारांहून अधिक माणसं होती. संगीताने हृदयाचे ठोके, रक्तदाब, ताणाची संप्रेरकं यांवर थोडा ते मध्यम आणि मनाला जाणवणाऱ्या ताणावर मध्यम परिणाम झालेला दिसला. जादू नव्हे, पण खोटंही नाही.

त्याहून तुझ्या कामाचा अभ्यास २०१५ चा आहे. त्यात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या दिवसांत आणि परीक्षेच्या काळात, दिवसातून अनेकदा नोंदी घेतल्या: आत्ता गाणी ऐकताय का, कशासाठी, ताण किती वाटतोय. लाळेचे नमुनेही घेतले, ताणाचं संप्रेरक मोजायला. नुसतं संगीत ऐकल्यानेही ताण काहीसा कमी वाटला. पण सगळ्यात मोठा परिणाम दिसला तो ‘मला आता विश्रांती घ्यायची आहे’ म्हणून ऐकलं तेव्हा: ताणही कमी आणि संप्रेरकही कमी. फरक कळला का? तू दिवसभर ऐकतेस, पण ऐकण्यासाठी म्हणून ऐकतेस अशी वेळ दिवसातून एकदा तरी येते का? पत्रावरून तरी वाटत नाही. कायम कशाच्या तरी मागे वाजतंय.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पूर्ण बंद करू नकोस. पाच आठवड्यांवर परीक्षा असताना एका फटक्यात सगळं सोडायला गेलीस तर तीन दिवस चिडचिड होईल, चौथ्या दिवशी दुप्पट ऐकशील आणि वर अपराधी वाटेल ते निराळंच. गाण्यांना जागा दे, पण ठरवून दे. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं, अभ्यासाची एक बैठक संपल्यावर. त्या वेळात हातात दुसरं काही नको. फोन पालथा. आडवी हो, डोळे मीट, गाणी आधीच निवडलेली असू देत, नाहीतर वीसातली बारा मिनिटं ‘पुढचं, पुढचं’ करण्यातच जातात आणि अंगठ्याला काही विश्रांती वगैरे मिळत नाही.

आणि शेवटचं गाणं संपलं की लगेच उठू नकोस. २००६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवताना श्वास, ठोके, रक्तदाब मोजले. जलद लयीला ठोके आणि श्वास वाढले, हे अपेक्षितच होतं. गंमत अशी की मध्ये दोन मिनिटांची निव्वळ शांतता टाकली होती, आणि त्या शांततेत शरीर सुरुवातीपेक्षाही खाली, सैल झालं. संगीत ऐकून झाल्यावरची शांतता वेगळी असते. तुझ्यासाठी शांततेशी पुन्हा ओळख करून घ्यायला याहून सोपं दार नाही. दोन मिनिटं नुसती पडून राहा.

अभ्यासाच्या बैठकीचंही असंच हळूहळू कर. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बैठकीची पहिली पंचवीस मिनिटं फक्त शांततेत, नवा भाग तेव्हाच वाचायचा. नंतर हवं तर उतरवण्याचं काम काढ आणि गाणी लाव. पुढच्या आठवड्यात पंचवीसचे चाळीस. वसतिगृहात किंवा गजबजलेल्या घरात राहणाऱ्यांना ‘शांतता’ हा शब्द वाचून हसू येईल, ते मला कळतं. त्यांनी पंख्यासारखा किंवा पावसासारखा एकसुरी आवाज लावावा. सतत बदलणारा आवाज स्मरणाला जितका नडतो, तितका एकसुरी आवाज नडत नाही. नाहीतर सरळ कानात फोमचे बोळे. (आईला कळवू नकोस, तिचं म्हणणं खोटं ठरेल.)

आता रात्रीची गाणी. यावर जरा थांबते, कारण इथे घाईने ‘उदास गाणी वाईट’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि चूकही. दुःखी असताना दुःखी गाणं ऐकावंसं वाटणं यात काही बिघाड नाही. फिनलंडच्या दोन संशोधकांनी किशोरवयीन मुलांशी बोलून २००७ मध्ये मांडलं होतं की मुलं संगीताकडून वेगवेगळी कामं करून घेतात: कुणी त्यातून उभारी घेतं, कुणी राग बाहेर काढतं, कुणाला नुसता दिलासा हवा असतो, कुणी गाण्याच्या आधाराने मनातल्या गोष्टीचा विचार लावतं. ‘आपल्याला जे होतंय ते दुसऱ्या कुणाला तरी झालंय’ हे कळणं ही मोठी सोबत असते. तुझं रडू खरं आहे, आणि रडल्यावर मोकळं वाटतं तेही खरं.

पण एका जागी फरक पडतो, आणि तो गाण्यात नाही, ऐकणारीत आहे. दुःखातून जाणं वेगळं आणि दुःख उगाळणं वेगळं. ज्यांना एकच विचार फिरवत बसायची सवय असते त्यांना उदास गाणी त्या घुमण्याला चाल लावून देतात. तू कुठे आहेस हे ओळखायला एक खूण आहे. गाणी थांबल्यावर मनातला विचार पुढे सरकला का ते बघ. रडून झाल्यावर ‘उद्या मैत्रिणीला फोन करते’ किंवा ‘जाऊ दे, झोपते’ असं मनात येत असेल तर गाणं आपलं काम करून गेलं. ‘माझंच असं का होतं’ हे कालसारखंच, परवासारखंच, त्याच शब्दांत येत असेल तर तू उगाळते आहेस. तुझ्या पत्रात उत्तर आहेच, म्हणून जपून सांगते: रात्री मोकळं वाटतं आणि सकाळी उठवत नाही, यातली सकाळ जास्त खरं बोलते.

झोपेचाही हिशेब आहे. झोपण्याच्या वेळी ऐकलेलं गाणं डोक्यात अडकून बसतं, आणि जाग आल्यावर रात्री मध्येच ते वाजत असतं, हे तू अनुभवलं असशील. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात दिसलं की अशी गाणी अडकणाऱ्यांची झोप बिघडते. आणि शब्द काढून टाकलेल्या, पण ओळखीच्या चालींनी हे जास्त झालं. मेंदू बहुधा गाळलेले शब्द भरत बसतो. तेव्हा झोपताना तीच गाणी शब्दांविना लावू, असा मधला मार्ग काढू नकोस.

गाणी तीच ठेव, वेळ बदल. संध्याकाळी, उजेडात, बसून ऐक, अंथरुणात नाही. प्रत्येक गाणं एकदाच. फिरवून लावायचं बटण बंद. आणि यादीच्या शेवटी अशी दोन गाणी जोड जी थोडी वर नेतात. एकदम नाचरी नकोत, ती त्या क्षणी खोटी वाटतात. संगीतोपचार करणारेही असंच करतात: माणूस ज्या मनःस्थितीत असेल तिथून सुरुवात करायची आणि एकेका रचनेने हळूहळू दुसरीकडे न्यायचं. झोपण्याआधीचा शेवटचा तास कान मोकळे ठेव.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. उदास वाटणं, आवडत्या गोष्टीतही रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, सकाळी न उठवणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज चालू असेल, तर गाण्यांच्या याद्या बदलत बसू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे जा. तिथे जायला परीक्षा संपायची वाट बघायची नसते. आणि जगणं नकोसं वाटल्याचा विचार मनात आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला, घरातल्या कुणाला तरी उठवून सांग आणि मदत घे.

कानांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सुरक्षित धरलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ अर्ध्यावर येतो. तू जागेपणी आणि झोपेत मिळून हे तास कधीच ओलांडले असशील. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नकोस, आणि झोपेत इअरफोन नकोतच.

परीक्षेच्या सकाळी मात्र ऐक. ओळखीचं, आवडीचं, दोन-तीन गाणी. हॉलबाहेर ‘तू ते केलंस का, हे येणार आहे म्हणे’ असं म्हणत फिरणाऱ्या घोळक्यापासून वाचायला इअरफोनइतकं चांगलं साधन नाही, आणि तिथे ती पळवाट आहे असं कुणी म्हटलं तर खुशाल म्हणू दे. आत जायच्या पाच मिनिटं आधी काढून ठेव म्हणजे झालं.

राहिली आई. तिला गाण्यांचा राग आहे असं तुला वाटतं. मला वाटतं तिला काळजी आहे, आणि दिसतात तेवढे इअरफोनच. तुझ्या पोटात गोळा येतो हे तिला ठाऊक आहे का? तू मला लिहिलंस, तिला सांगितलंस का? नसेल तर आधी ते सांग. मग तुझे ते दोन कागद दाखव, शांततेतला आणि गाण्यांचा, आणि सांग की नवा अभ्यास शांततेत करणार, संध्याकाळची वीस मिनिटं मात्र माझी, तेव्हा हाक मारायची नाही. पुराव्यासकट केलेला करार सहसा घरात मान्य होतो.

हे वाचणाऱ्या आईबाबांनाही एक विनंती. मुलांच्या कानातून इअरफोन ओढून काढलेत तर शांतता मिळेल, अभ्यास मिळेलच असं नाही. ‘गाणी बंद कर’ म्हणण्याआधी ‘बंद केली की तुला काय होतं’ एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.